खरेदी-मंजुरी प्रणालीची नवी बांधणी : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

जुनी खरेदी-मंजुरी प्रणाली बदलायला आज हिरवा कंदील मिळाला. काम तसं सगळ्यांच्या ओळखीचं. विभागाची मागणी येते, तिला मंजुरी मिळते, पुरवठादाराकडे पीओ (खरेदीचा आदेश) जाते, माल आला की जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होतो, मग बिल, मग पैसे. कुठल्याही आकाराच्या संस्थेत थोड्याफार फरकाने याच पायऱ्या दिसतील. आमची प्रणाली मात्र लॉगिनच्या पानापासून छपाईच्या नमुन्यापर्यंत सगळी घरीच लिहिलेली आहे. बदलायचं कारण वरिष्ठांनी एका वाक्यात सांगितलं : "साधा बदल करायलाही फार वेळ लागतो." वेळ का लागतो, ते मला या नोंदींतून शोधायचं आहे. ते कळलं नाही तर नवी प्रणालीही काही वर्षांत याच वळणावर येईल.

१२ जून

जुना कोड वाचतेय. लिहिणारे आता इथे नाहीत, पण त्यांचा हात चांगला होता हे आधी नोंदवते. नावं विचार करून दिलेली, फंक्शन्स आटोपशीर. तरी वाचताना दम लागतो. म्हणून आज फाइलींची दोन गटांत वाटणी केली. एका गटात खरेदीबद्दल काही सांगणाऱ्या फाइली, दुसऱ्यात कुठल्याही वेब-प्रणालीत लागल्याच असत्या अशा : पत्त्यावरून योग्य फंक्शन शोधणं, पान तयार करणं, सेशन (लॉगिन झालेल्याची ओळख) सांभाळणं, फॉर्म तपासणं, डेटाबेसला विचारायचं एसक्यूएल जुळवणं, ई-मेल पाठवणं, चुकांची नोंद ठेवणं.

दुसरा गट पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. हुशार माणसांची वर्षं अशा प्रश्नांवर खर्ची पडली, ज्यांची उत्तरं तेव्हाही तयार होती. आणि खरेदीचे नियम, जे आमच्याशिवाय दुसरं कोणी लिहूच शकत नव्हतं, ते उरलेल्या वेळात कसेबसे लिहिले गेले. मंजुरीची मर्यादा चार ठिकाणी चार पद्धतींनी तपासली जाते. हे पाहून मला खरंच वाईट वाटलं.

१३ जून

पासवर्ड एमडी५ या हॅशमध्ये (मजकुराचा उलटा न फिरवता येणारा ठसा), सॉल्टशिवाय, म्हणजे प्रत्येक पासवर्डला वेगळा मजकूर न जोडता, साठवलेले आहेत. लगेच सर्वांना कळवलं.

यात आळस नव्हता. ज्याने हे लिहिलं त्याला पासवर्ड उघडा ठेवायचा नाही हे ठाऊक होतं, म्हणून तर त्याने हॅश वापरला. ठाऊक नव्हतं ते पुढचं : एमडी५ झटपट चालावा म्हणून बनवलेला आहे, आणि पासवर्डसाठी नेमकं उलट हवं असतं. हॅश जितका सावकाश, तितकं चोराला अंदाज बांधत बसणं महाग. ही गोष्ट सुरक्षेत काम करणाऱ्याला सवयीची, पण खरेदीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ती कुठून शिकावी? आपल्याला काय माहीत नाही हेच माहीत नसतं, तिथे मेहनत आणि हुशारी दोन्ही अपुऱ्या पडतात. मला फ्रेमवर्कची, म्हणजे प्रणाली उभारायच्या तयार चौकटीची, बाजू घ्यावीशी वाटते ती मुख्यतः यासाठी. टायपिंग वाचतं हा त्यामानाने लहान फायदा.

१७ जून

बैठक. विषय : नवं काय वापरायचं. दोन सहकाऱ्यांचं म्हणणं, पुन्हा स्वतःच लिहू, या वेळी सुटसुटीत, गरजेपुरतं. त्यांचे मुद्दे हलके नव्हते, म्हणून टिपून ठेवते.

पहिला : फ्रेमवर्कमधल्या निम्म्या गोष्टी आपल्याला लागणारच नाहीत. खरं आहे. पण न वापरलेला भाग पडून राहतो, त्याची देखभाल आपल्याला करावी लागत नाही. उलट "गरजेपुरतं" लिहिलेलं तेवढंच राहत नाही. आमच्या जुन्या राउटरची (पत्त्यावरून फंक्शन शोधणाऱ्या भागाची) पहिली आवृत्ती एका पडद्यात मावत होती, कोडच्या इतिहासात दिसते. आजची वाचायला अर्धा दिवस जातो.

दुसरा : आपण त्या फ्रेमवर्कला बांधले जाऊ. हाही खराच. लायब्ररीला (तयार फंक्शन्सच्या संचाला) आपला कोड हवं तेव्हा हाक मारतो. फ्रेमवर्कमध्ये सूत्रं त्याच्याकडे असतात आणि तेच आपल्या कोडला बोलावतं. त्यामुळे बाहेर पडणं जड जातं. पण आम्ही आजही बांधलेलेच आहोत, आणि ज्याला बांधलेलो आहोत ते समजणारे दोघेच. त्यातला एक रजेवर गेला की बदल थांबतो.

तिसरा, शिकण्याचा वेळ. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असू नये. वेळ लागणारच. तो वेळापत्रकात वेगळा धरायचा ठरलं.

२३ जून

निर्णय झाला : पायथन ही भाषा आणि तिच्यातलं जँगो हे फ्रेमवर्क, आवृत्ती ५.२. ही दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती. एप्रिल २०२५ मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. पुढचं नियोजन या तारखेवरून उलटं मोजता येतं.

निवडीमागचा माझा एक निकष लिहून ठेवते, कारण पुढच्या प्रकल्पातही तो लागेल. फ्रेमवर्क कशातून निघालं ते पाहायचं. जँगो २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या वेब-विभागात आकाराला आलं. बातमीदारीच्या मुदती सांभाळत पानं उभी करायची असत. जे पुन्हा पुन्हा लागलं ते बाजूला काढलं गेलं, आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. रूबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्कही 'बेसकँप' या चालत्या उत्पादनातून वेगळं काढलेलं. आधी काम, मग त्यातून चौकट. "लोकांना हे लागेल" अशा अंदाजावर आधी चौकट रचून मग तिला काम शोधणाऱ्यांवर माझा तितका विश्वास नाही.

व्यवसायातल्या पद्धतींनाही हा निकष लागू पडतो. लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंद-पद्धत मांडली, पण ती त्याने शोधलेली नव्हती. व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती नीट लिहून काढली. पाचशे वर्षांनंतरही आमच्या लेखाविभागाच्या नोंदी तिच्यावरच चालतात.

२ जुलै

लॉगिन, सेशन, परवानग्यांचा पाया उभा राहिला. पासवर्डचं काय करायचं याची धास्ती होती : सगळ्यांना नवे पासवर्ड ठेवायला लावायचे? जँगोच्या दस्तऐवजात यावर तयार वाट आहे. जुन्या एमडी५ हॅशवरच नव्या पद्धतीचा थर चढवायचा, म्हणजे डेटाबेसमध्ये कच्चा एमडी५ उरत नाही. आणि माणूस पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा त्याचा पासवर्ड आपोआप थेट नव्या पद्धतीने साठवला जातो. ही नवी पद्धत, पीबीकेडीएफ२, आवृत्ती ५.२ मध्ये मूळ सेटिंगनुसार १० लाख फेऱ्या करते. आवृत्तीगणिक हा आकडा वाढत आलाय, कारण संगणक वेगवान होत जातात. ती वाढ लक्षात ठेवण्याचं काम आता आमच्यावर नाही.

ज्या अडचणीला मी आमच्यापुरती समजत होते, ती इतक्या लोकांना आली होती की तिच्यावर दस्तऐवजात स्वतंत्र भाग आहे.

४ जुलै

सुरक्षेची यादी तपासताना एक गोष्ट पुन्हा वाचली आणि या प्रकल्पाची दिशाच तिच्यात सापडली. ओवास्प ही संस्था वेब-प्रणालींतल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. २०१३ च्या यादीत सीएसआरएफ होता : दुसऱ्याच संकेतस्थळावरून, वापरकर्त्याच्या नकळत, त्याच्या नावाने आपल्या प्रणालीत विनंती घुसवणं. २०१७ मध्ये तो यादीतून गेला. कारण दिलं होतं की अनेक फ्रेमवर्कमध्ये आता त्यापासूनचा बचाव अंगभूत आहे. फक्त ५ टक्के प्रणालींत तो आढळला. प्रत्येक प्रोग्रॅमरला समजावत बसून हे झालं नसतं. बचाव चौकटीत गेला, आणि ज्यांनी सीएसआरएफचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या प्रणालीही सुरक्षित झाल्या.

२०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर काय? प्रवेश-नियंत्रणातली मोडतोड. ज्याने जे पाहू नये ते त्याला दिसणं, करू नये ते करता येणं. आणि हे फ्रेमवर्क पूर्णपणे सोडवूच शकत नाही. कोणाला काय दिसावं हे त्या त्या संस्थेचं उत्तर असतं. जँगोला आमचा उपव्यवस्थापक कोणाची मागणी मंजूर करू शकतो हे कसं कळणार?

म्हणजे सीएसआरएफ, एसक्यूएल इंजेक्शन (भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला भलती आज्ञा घुसवणं), पानातल्या मजकुराचं एस्केपिंग (तो मजकूर कोड म्हणून चालू न देणं) हे चौकटीवर सोपवायचं, आणि आमची सगळी ताकद "कोणी, काय, किती रकमेपर्यंत" यावर लावायची. जुन्या प्रणालीत याच्या बरोबर उलट झालं होतं. कामाची वाटणी आजपासून याच रेषेवर केली.

९ जुलै

रकमा सगळीकडे डेसिमलमध्ये, म्हणजे अचूक दशमान आकड्यांत. जुन्या प्रणालीत त्या फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजे साठवणाऱ्या द्विमान आकड्यांत होत्या, आणि तिथे ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. महिन्याच्या ताळ्यात शेवटच्या अंकाचा जो फरक लेखाविभाग दरवेळी हाताने मिटवायचा, तो बहुधा इथूनच येत असावा. वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवायच्या, दाखवताना बदलायच्या. जँगोमध्ये ५.० पासून हेच मूळ सेटिंग आहे. आज एवढंच.

१६ जुलै

कोड बाजूला ठेवून प्रक्रियेला हात घातला. इथे खरी गंमत आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये जे झालं तेच कागदावरही झालेलं दिसतं.

आमच्या मागणीवर सह्यांची मोठी रांग लागते. लेखाविभागप्रमुख मॅडमसोबत बसून प्रत्येक सहीला एकच प्रश्न विचारला : ही सही काय तपासते? काही सह्यांचं उत्तर चटकन आलं. काहींचं, "पूर्वी एकदा एक घोटाळा झाला होता, तेव्हापासून." म्हणजे प्रत्येक घटनेनंतर एक सही वाढली, आणि घटना विसरली गेली तरी सही राहिली. तीन सह्या तर एकच गोष्ट तपासत होत्या : जे मागवलं तेच आलं का, आणि जे आलं त्याचंच बिल आहे का.

यासाठी प्रस्थापित पद्धत आहे, थ्री-वे मॅच. पीओ, जीआरएन आणि बिल, तिन्हींतली संख्या आणि दर जुळले तरच बिल पुढे जातं. थोडा फरक चालवायचा असेल तर त्याची मर्यादा आधी ठरवायची. मर्यादेबाहेर गेलं तरच माणसाकडे येतं.

मॅडम म्हणाल्या, "हे मला माहीत आहे हो. पण आमच्याकडची खरेदी वेगळी असते." मी विचारलं, वेगळं काय ते सांगा, एकेक लिहून घेऊ. माल तुकड्यातुकड्यांत येतो. मग एका पीओवर अनेक जीआरएन, हे त्या पद्धतीतच आहे. काही माल परत जातो. त्याचीही नोंद आहे. सेवांना जीआरएन नसतो. तिथे सेवा पूर्ण झाल्याचा दाखला वापरतात. वीज-फोनच्या बिलांना पीओच नसते. ती वेगळ्या वाटेने जातात, ठरवलेल्या मर्यादेत. यादी लांबत गेली आणि बहुतेक प्रत्येक ओळीपुढे तयार उत्तर निघत गेलं. शेवटी जे उरलं ते दोनच : रजेच्या काळातलं अधिकारांचं हस्तांतरण, आणि अनुदानातून होणाऱ्या खरेदीच्या अटी. हे मात्र खरोखर आमचं.

मॅडमना हे पटायला वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता. वर्षानुवर्षं ज्या सह्यांनी त्यांना रात्री झोप लागू दिली, त्या काढा असं मी सांगत होते.

२२ जुलै

मेकर-चेकरचा, म्हणजे करणारा आणि तपासणारा वेगळे ठेवण्याचा, प्रश्न. छोट्या विभागांत माणसं कमी, म्हणून मागणी करणारा आणि माल घेणारा एकच असतो. सोय म्हणून तसंच ठेवावं असा आग्रह झाला.

मी मान्य केलं नाही. मागवणं, माल ताब्यात घेणं, नोंद करणं आणि पैसे देणं वेगवेगळ्या हातांत असावं, हा अंतर्गत नियंत्रणाचा जुना नियम आहे, आणि तो मोडल्यावर काय होतं हे १९९५ मध्ये बेरिंग्ज बँकेत दिसलं. सिंगापूरमध्ये निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांच्या नोंदी-पूर्ततेचा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा एका लपवलेल्या खात्यात साचत गेला. तो ८२ कोटी ७० लाख पाउंडांवर पोहोचला आणि १७६२ पासून चालत आलेली बँक अखेर एका पाउंडाला विकली गेली. तिथेही त्या वेळी सोयीचंच वाटलं असणार.

तोडगा : छोट्या विभागाचा माल शेजारच्या विभागातला माणूस घेईल. प्रणालीच एका व्यक्तीला दोन्ही बटणं दाखवणार नाही.

३१ जुलै

आज चौकट अपुरी पडली, आणि वादही झाला.

जँगोच्या परवानग्या मूळ स्वरूपात प्रकारावर चालतात : "याला मागण्या मंजूर करता येतात." आम्हाला हवं ते नेमक्या मागणीवर : हा विभाग, ही रक्कम, आजची तारीख, आणि साहेब रजेवर असतील तर त्यांच्या जागी कोण. एका सहकाऱ्याने जँगोच्या आतल्या फंक्शनवर आपलं फंक्शन चढवून दाखवलं. पटकन चाललंही. पण त्या आतल्या भागाबद्दल जँगोने कुणाला शब्द दिलेला नाही. पुढच्या आवृत्तीत तो बदलला तर आमची मंजुरी चूक न दाखवता भलतीकडे जाऊ शकते.

दस्तऐवज पुन्हा वाचला. परवानगी विचारताना सोबत वस्तूही देता येते, आणि तिचं उत्तर देणारा स्वतःचा बॅकएंड (परवानगी तपासणारा भाग) लिहिता येतो. मूळ बॅकएंड अशा प्रश्नाला नकारच देतो. जागा आमच्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. आता मंजुरीचा सगळा नियम एका फाइलमध्ये आला. पूर्वी तोच नियम चार ठिकाणी होता. चांगल्या चौकटीची ओळख मला इथे पटते : आपण तिला सोडून कुठे जाणार हे तिने आधीच ओळखून तिथे दार ठेवलेलं असतं.

एक गोष्ट मात्र तिने आपणहून विचारली नाही. एकाच अंदाजपत्रकी शीर्षावर दोघांनी एकाच क्षणी मंजुरी दिली तर दोघांनाही शिल्लक पुरेशी दिसते. ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही अशा बदलांच्या गटात) डेटाबेसमधल्या त्या ओळीला कुलूप लावण्याची सोय जँगोत आहे, पण कुठे लावायचं ते आपल्यालाच कळावं लागतं. त्याची टेस्ट लिहून ठेवली.

७ ऑगस्ट

अ‍ॅडमिनच्या, म्हणजे माहिती भरण्या-बदलण्यासाठी जँगोसोबत येणाऱ्या, तयार पडद्यांवरच मंजुरीचं काम उरकावं असा मोह सगळ्यांना होतोय. नको. पुरवठादार, खातेसंकेत, विभाग अशा याद्यांसाठी ते उत्तम. रोजच्या वापराचा पडदा त्याभोवती बांधायचा नाही, हे जँगोवालेच सांगतात.

१९ ऑगस्ट

देखभालीचं धोरण लिहिलं. कंटाळवाणं पान आहे, तरी माझ्या मते या प्रकल्पातलं सर्वात महत्त्वाचं.

प्रस्थापित फ्रेमवर्क वापरलं की त्यातली त्रुटी जगाला एकाच वेळी कळते, चोरांनाही. २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधल्या एका त्रुटीवरची दुरुस्ती मार्चमध्ये उपलब्ध झाली. इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या पत-माहिती कंपनीत ती एका प्रणालीवर बसवायची राहिली. मे महिन्यापासून हल्लेखोर आत होते आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. या घटनेचा दाखला फ्रेमवर्क नको म्हणणारेही देतात. मला तो दुसऱ्या बाजूने दिसतो : त्रुटी सापडली होती, दुरुस्तीही तयार होती, आणि ती फुकट मिळत होती. घरी लिहिलेल्या कोडमधली त्रुटी शोधायला कोणी बसलेलंच नसतं. पण हा फायदा अद्ययावत राहणाऱ्यालाच मिळतो, त्यात सूट नाही.

म्हणून : सुरक्षेची दुरुस्ती आली की ती त्याच आठवड्यात बसवायची; जबाबदार व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत कोण, दोन्ही नावानिशी; आणि पुढच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर जाण्याचं काम २०२८ ची मुदत संपण्याआधीच्या वर्षात अंदाजपत्रकासह. या शेवटच्या ओळीवर वरिष्ठांची सही घेतली. ही सही काय तपासते ते मला सांगता येईल.

२ सप्टेंबर

नवी सहकारी रुजू झाली. जँगोवर आधी काम केलेलं, खरेदीचं काहीच ठाऊक नाही. मॉडेल (डेटाची रचना) कुठे, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) कुठे, टेस्ट कशा चालवायच्या, तिला विचारावं लागलं नाही. दुपारी ती माझ्याकडे आली ती हा प्रश्न घेऊन : "ताई, रजेवर असलेल्याने ज्याला अधिकार दिला, तोही रजेवर गेला तर?" जुन्या प्रणालीवर नव्याने आलेला माणूस पहिले काही आठवडे राउटर कसा चालतो हेच विचारत असे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. मॅडमकडे गेलो. ठरलं : अधिकार एकदाच पुढे जाईल, दुसऱ्यांदा नाही, तशी वेळ आली तर मागणी वरच्या पातळीवर.

१२ सप्टेंबर

जुनी प्रणाली आजपासून फक्त वाचण्यापुरती. पहिला महिनाअखेरीचा ताळा नव्या प्रणालीत झाला. फरक हाताने मिटवावा लागला नाही.

बदलाची पहिली मागणीही आली. अनुदानातल्या खरेदीला मुदतीची अट हवी : अनुदान संपल्यावर नवी पीओ निघू नये, पण आधीच्या पीओचं बिल देता यावं. नियम एका फाइलमध्ये, टेबलमध्ये एक नवा तारखेचा रकाना, एक मायग्रेशन, तीन टेस्ट. नव्या सहकारीनेच केलं, मी फक्त तपासलं. मॅडमनी तिला दोन अपवाद आणखी सांगितलेत. त्यांची चर्चा सोमवारी.